बुटक्या नायकाचं गाव

कार्टून मालिकेत पात्रं काढणारे वेगळे आणि पात्रांच्या मागचं गाव काढणारे वेगळे. मी गाव काढणाऱ्यांतली. धंद्यात आम्हाला बीजी आर्टिस्ट म्हणतात, बीजी म्हणजे बॅकग्राउंड. पोलीस ठाणं, शाळेचं फाटक, चौकातला वड, भाजीबाजार, खलनायकाची गुहा, असं नायक ज्याच्यापुढून धावतो ते सगळं आमच्या टेबलावर तयार होतं. पात्र पडद्यावर आलं की बघणाऱ्याचं लक्ष त्याच्यावरून हलता कामा नये. हललं, तर चित्र कितीही देखणं असो, आर्ट डायरेक्टर ते परत पाठवतात.

नाशिकला चित्रकलेच्या कॉलेजात आम्ही शिकलो ते याच्या नेमकं उलट होतं. पहाटे गोदाघाटावर जाऊन बसायचं, ऊन चढायच्या आत जलरंगात लँडस्केप संपवायचं. शिवाजी तुपे यांची निसर्गचित्रं बघत आमची पिढी मोठी झाली. त्या चित्रांत माणसं म्हणजे दोन-तीन ठिपके असतात. खरा विषय ती जागा, तो दगड, तो ओलसर उजेड. पुण्याला स्टुडिओत आल्यावर जागेला मागे सारून माणसाला पुढे आणायला शिकावं लागलं. पण घाटावर डोळ्यांत बसलेलं काही वाया गेलं नाही. कसं, ते सांगते.

माझं पहिलं मोठं काम होतं ती मालिका स्पिन-ऑफ होती. मोठ्यांसाठी बनलेला एक गाजलेला सिनेमा, त्याचा नायक लहान मुलगा करून बेतलेली. करारात बांधलेली असल्यामुळे तिचं नाव घेता येत नाही, पण तिची जातकुळी घरोघरी माहीत आहे. ‘लिटल सिंघम’च घ्या. पुण्याच्या रिलायन्स ॲनिमेशननं रोहित शेट्टी यांच्या कंपनीबरोबर ती केली आणि २१ एप्रिल २०१८ पासून डिस्कव्हरी किड्सवर ती सुरू झाली. तिची वंशावळ मोठी मजेची आहे. २०१० साली तमिळमध्ये सूर्याचा ‘सिंगम’ आला. पुढच्याच वर्षी जुलैत हिंदीत ‘सिंघम’ आला आणि नायक झाला बाजीराव सिंघम, महाराष्ट्र-गोव्याच्या सीमेवरच्या शिवगडचा मराठी पोलीस इन्स्पेक्टर. आणि सात वर्षांनी त्याच खाकी वर्दीत मिर्ची नगरचा छोटा सिंघम उभा राहिला. म्हणजे तमिळ पोलीस मराठी झाला, आणि मराठी पोलीस पुण्यात लहान झाला. त्यानंतर रांगच लागली. ‘गोलमाल’ची ‘गोलमाल ज्युनियर’ झाली, ‘सिम्बा’ची ‘स्मॅशिंग सिम्बा’ झाली. २०२१ साली ‘तारक मेहता’चं गोकुलधामसुद्धा सोनी ये वाहिनीवर कार्टून होऊन आलं.

पुष्कळांना वाटतं, हे सोपं काम. कथा तयार, नाव तयार, लोकांना माहीत असलेला नायक तयार. फक्त लहान करायचा. मला सगळ्यात जास्त चीड याच समजुतीची येते. कारण मूळ सिनेमातलं जे लोकांना आवडलेलं असतं, त्यातलं जवळजवळ काहीच आमच्या हाती येत नाही. नटाचा चेहरा नाही. त्याचा आवाज नाही. मारामारी आहे तशी चालत नाही: रक्त नाही, कोणावर बंदूक रोखायची नाही, घरी एखादं पोर करून बघेल असं काहीही नाही. प्रेमकथा गळते, सूडकथा गळते, नायकाचं दुःख गळतं. मग राहतं काय? एक वर्दी, उभं राहायची एक ढब, एखादा हातवारा. एवढ्या भांडवलावर दोन-दोन वर्षं पुरेल असं जग उभं करायचं असतं. त्याला मी उरलंसुरलं म्हणणार नाही.

मालिका सुरू होताना सगळ्यांच्या हातात एक जाड दस्तऐवज पडतो, त्याला शो बायबल म्हणतात. पात्रं कोण, कशी बोलतात, काय कधीच करणार नाहीत, गाव कुठे आहे, हे सगळं त्यात असतं. आमच्या बायबलमध्ये एक पान नुसतं उंचीचं होतं. एका आडव्या रेघेवर सगळी पात्रं शेजारी शेजारी उभी. मोठ्या माणसाचं शरीर चित्रकलेच्या हिशेबात सात-साडेसात डोकी उंच धरतात. आमचा नायक तीन डोक्यांचा होता, त्यातलं एक डोकं म्हणजे त्याचं भलंमोठं डोकंच. गोंडस दिसायला ते लागतंच. आणि त्याच्यासमोर खलनायक सहा डोक्यांचा.

आता टीव्हीची चौकट आडवी. सोळास नऊ. तीन डोक्यांचं पोर आणि सहा डोक्यांचा गुंड समोरासमोर उभे करून बोलवायचे म्हटलं, की दोनच गोष्टी होतात. एक तर गुंडाचं डोकं चौकटीबाहेर जातं, नाहीतर दोघांना बसवायला कॅमेरा इतका मागे न्यावा लागतो की नायकाचा चेहरा वाटाण्याएवढा होतो, आणि चेहरा दिसला नाही तर कसला नायक! स्टोरीबोर्ड करणारी मुलं डोकं धरून बसायची. कथेत दर दोन मिनिटांनी नायक कोणातरी मोठ्या माणसाशी बोलतोच.

याचं उत्तर बॅकग्राउंडमध्ये निघालं. आमच्या गावाला पायऱ्या दिल्या. पोलीस ठाण्याला उंच जोतं, बाजाराच्या मधोमध पार, शाळेपुढे दगडी कट्टा, गल्लीच्या तोंडाशी चार पायऱ्यांचा उतार. नायकानं पळत येऊन तिसऱ्या पायरीवर उभं राहायचं, गुंडानं खाली. नजरेला नजर मिळते, दोन्ही चेहरे चौकटीत, आणि अंगठ्याएवढा पोरगा वरून बोलतोय यात रुबाबही येतो. हे गाव काढताना मला कुठलाही संदर्भ शोधावा लागला नाही. नाशिकच्या रामकुंडापासून खाली चालत गेलं की असंच आहे. घाटावर कोणीही सपाटीवर उभं नसतं. एक जण वर, एक जण खाली, धुणं धुणारी बाई मधल्या पायरीवर, तिच्याशी बोलणारा दुसरीकडेच. सराफ बाजाराकडून नदीकडे उतरणाऱ्या गल्ल्याही तशाच. जुन्या स्केचबुकात ते सगळं होतं. मी फक्त पायऱ्यांची उंची नायकाच्या अर्ध्या डोक्याएवढी ठरवून घेतली आणि पुढे प्रत्येक चित्रात तोच हिशेब पाळला. यापुढे कार्टून बघताना जरा लक्ष ठेवा. लहान नायकांच्या गावात ओटे, दगड, पिंपं, पेट्या, चबुतरे किती असतात ते मोजा. ती सजावट नाही.

त्याच कारणानं क्षितिजरेषाही खाली येते. मोठ्यांच्या सिनेमात टेबलाचा वरचा भाग दिसतो, त्यावरच्या फायली दिसतात. आमच्याकडे टेबलाची कड नायकाच्या नाकाशी. दुकानाचा गल्ला म्हणजे भिंत. दाराची कडी उंच, फारच उंच. ठाण्याचं आतलं दृश्य मी पहिल्यांदा खालून काढलं, तेव्हा खुर्चीच्या खालच्या पट्ट्या, टेबलाखाली पडलेलं टाचणीचं डबडं, भिंतीच्या तळाशी उडालेला रंग, असं काही काही आपोआप येत गेलं. मोठ्यांच्या सिनेमात त्या खोलीला हे काहीच नव्हतं.

रंगांचा प्रश्न वेगळाच. नायक खाकीत असेल तर गावाला खाकीच्या जवळचा एकही रंग चालत नाही. आणि आपली जुनी गावं तर मातीची, लाकडाची, काळ्या पाषाणाची. नाशिकचे वाडे मी जसेच्या तसे काढले असते, तर पोरगं भिंतीत विरघळून गेलं असतं. म्हणून भिंती निळसर, हिरवट, गुलाबी. आकाश थोडं पिवळं. रस्ता जांभळट राखाडी. तपासायची रीत अशी, की चित्र कृष्णधवल करून बघायचं. रंग काढल्यावरही पात्र उठून दिसलं तर ठीक, नाहीतर पुन्हा बसायचं.

सगळ्यात जड गेलं ते पाट्या काढून टाकणं. तयार झालेलं एकच चित्र हिंदी, तमिळ, तेलुगू अशा निरनिराळ्या आवाजांत दाखवतात, म्हणून चित्रात अक्षर ठेवायचं नाही असा दंडक होता. चप्पलच्या दुकानावर चपलेचं चित्र, डॉक्टरच्या दारावर अधिक चिन्ह, वर्तमानपत्रावर वेड्यावाकड्या रेघा, मोटारीची नंबरप्लेट कोरी. ज्या शहरात पेंटरनं रंगवलेल्या पाट्या वाचत मी मराठी अक्षरांची वळणं शिकले, त्या शहरातून येऊन मी मुक्या बाजारपेठा रंगवत होते. त्यामागचं कारण पटत होतं. चेन्नईच्या मुलाला ते गाव आपलं वाटायचं तर ते कुठल्याच भाषेत लिहिलेलं असून चालणार नाही. तरी रिकाम्या पाटीपुढे हात थबकायचा तो थबकायचाच.

हे तत्त्व पार टोकाला नेणारी स्पिन-ऑफ आपल्याच देशात झाली, ‘मायटी लिटल भीम’. हैदराबादच्या ग्रीन गोल्डचा ‘छोटा भीम’ २००८ पासून पोगोवर होताच. एप्रिल २०१९ मध्ये त्यांनी त्याच भीमाला रांगतं बाळ करून नेटफ्लिक्सवर आणलं. बाळ बोलत नाही, म्हणून मालिकेत संवादच नाहीत. डबिंगची गरज संपली आणि ती परदेशांतही मोठ्या प्रमाणावर बघितली गेली. आम्ही ती स्टुडिओत एकत्र बसून पाहिली, फ्रेम थांबवून थांबवून. कॅमेरा जमिनीला टेकलेला. रांजण, पाटा, उंबरा हे त्यातले डोंगर. आमच्या सरांनी एवढंच म्हटलं, “बघा, हे धाडस.”

प्रक्षेपणाची बाजू आम्हाला हळूहळू कळत गेली. आमचा एक भाग अकरा मिनिटांचा असायचा. अर्ध्या तासाच्या स्लॉटमध्ये असे दोन बसतात, उरलेला वेळ जाहिरातींना. टीव्हीचं चित्र आपल्याकडे सेकंदाला २५ फ्रेमनं चालतं, म्हणजे एका भागाच्या १६,५०० फ्रेम झाल्या, आणि त्या प्रत्येक फ्रेमच्या मागे काही ना काही गाव असतंच. दर भागासाठी नवं गाव काढणं शक्य नसतं. म्हणून बीजी बँक. चौक एकदा काढायचा, त्याची सकाळ, संध्याकाळ, रात्र आणि पाऊस अशी रूपं करून ठेवायची आणि लागेल तेव्हा बाहेर काढायचा. बाहेरच्या माणसाला ही काटकसर वाटेल, आणि ती आहेच. पण मुलाच्या बाजूनं बघा. वाहिनी तोच भाग पुन्हा पुन्हा दाखवते आणि दर भागात तोच वड, तोच पार. त्या चौकात ते मूल आपल्या आजोळापेक्षाही जास्त वेळा जातं. म्हणून बँकेत जाणाऱ्या चित्रावर मी जास्तीचा दिवस मागून घ्यायची. भांडून घ्यायची.

भाग ज्या क्रमानं बनतात त्या क्रमानं दाखवले जात नाहीत. आमचा चौथा म्हणून बनलेला भाग कधी पहिला लागायचा, कारण त्यात हाणामारी आणि विनोद चांगला जमलेला असायचा. मूल कधीही टीव्ही लावणार, मागचं काही माहीत नसताना त्याला कथा कळली पाहिजे. म्हणून शेवटी सगळं होतं तसं व्हावं लागतं. खलनायकानं पूल तोडला तर अकराव्या मिनिटाला किंवा निदान पुढच्या भागात पूल उभा. त्या पुलाचं तुटलेलं चित्र मी आठवडाभर खपून केलं होतं. पडद्यावर ते काही सेकंद दिसलं. सणांचे विशेष भाग आणि सुट्टीतल्या लांब टेलिफिल्म तर कितीतरी महिने आधी हातावेगळ्या कराव्या लागतात. त्यामुळे दिवाळीचे आकाशकंदील आम्ही ऐन वैशाखात रंगवायचो आणि बाहेर होळीचा धूर असताना गणपतीच्या मांडवाचे रंग ठरवायचो.

वाहिनीकडे फाइल जाण्यापूर्वी तांत्रिक तपासणी होते, त्यातली एक चाचणी झगमगाटाची. नायकाच्या अंगात शक्ती येते त्या वेळी मागे विजा चमकतात, लाल-पांढरे लोळ उठतात. ते काम बॅकग्राउंड आणि इफेक्टवाल्यांचं मिळून. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये ‘पोकेमॉन’च्या एका भागात लाल-निळा उजेड फार वेगानं लुकलुकला आणि सहाशेहून अधिक जणांना, त्यात बहुतेक मुलं, रुग्णालयात न्यावं लागलं. त्यानंतर सेकंदाला किती वेळा आणि पडद्याच्या किती भागात चमक चालते याच्या नियमांकडे गांभीर्यानं बघितलं जाऊ लागलं. आमच्या विजा तपासणीतून परत आल्या की नवी मुलं कुरकुरायची, सगळा जोर गेला म्हणायची. मी त्यांना ती तारीख सांगायची आणि वीज पुन्हा काढायला बसवायची.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि मी माझा संगणक आणि पेनची पाटी घेऊन पुण्याहून नाशिकला आले. शूटिंगं सगळीकडे बंद पडली, दूरदर्शननं जुनं ‘रामायण’ पुन्हा लावलं, घरात अडकलेल्या मुलांना दिवसभर कार्टून लागत होतं, आणि या सगळ्यात ॲनिमेशनवाल्यांचं काम तेवढं थांबलं नाही. आवाज देणारे कलाकार कपाटात रजया टांगून त्यात उभं राहून संवाद रेकॉर्ड करत होते. मी इंदिरानगरच्या घरी, आईच्या शिलाई मशीनच्या टेबलावर. जड फाइल रात्री बाराला अपलोडला लावायची, पहाटे पोचली का ते बघायचं. वीज गेली की अर्धी फाइल जायची आणि पहिल्यापासून सुरुवात. आईला तोवर मी पुण्यात नेमकं काय करते ते नीट माहीत नव्हतं. ती मागे खुर्ची टाकून बसायला लागली. एक दिवस म्हणाली, “हा उतार आपल्या गाडगे महाराज पुलाजवळचाच ना गं? मग भिंत गुलाबी का केलीस?” खाकीचं गणित तिला समजावून सांगितलं. तिला ते पटकन पटलं, कारण साडीवर ब्लाउज निवडताना ती तेच करते.

त्या दिवसांत संध्याकाळी टेरेसवरून पांडवलेण्यांचा डोंगर दिसायचा आणि त्याच्या पायथ्याचं फाळके स्मारक आठवायचं. आमच्या धंद्यातल्या मुलांना दादासाहेब फाळके म्हणजे ‘राजा हरिश्चंद्र’ एवढंच ठाऊक असतं. पण त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या या माणसानं १९१२ साली रोपट्याची वाढ रोज थोडी थोडी टिपून एक छोटी फिल्म केली, ती दाखवून भांडवल मिळवलं. आणि १९१५ साली आगकाड्या एकेक करून सरकवत ‘आगकाड्यांची मौज’ केली. निर्जीव वस्तूला फ्रेमफ्रेमनं हलवणं, आम्ही करतो तेच. एवढ्यावर ते थांबले नाहीत. १९१७ साली त्यांनी चित्रपट कसा तयार होतो हे दाखवणारी एक फिल्मही काढली, त्यात दिग्दर्शन करताना ते स्वतः दिसतात. पडद्यामागचं काम लोकांना दाखवण्यासारखं आहे, त्यात लपवण्याजोगं काही नाही, हे त्यांना तेव्हा वाटलं होतं. मला त्याचं फार अप्रूप वाटतं.

कारण आज ते दिसत नाही. टीव्हीवर भाग संपला की नामावली एक तर झरझर वर जाते, नाहीतर कोपऱ्यात चिमटून बसवतात आणि बाकीच्या पडद्यावर पुढच्या कार्यक्रमाची जाहिरात. ऑनलाइन तर नावं सुरू व्हायच्या आत पुढचा भाग लागतो. माझ्या वडिलांनी पहिल्या प्रसारणाला अख्ख्या बिल्डिंगला सांगून ठेवलं होतं. नाव कोणालाच वाचता आलं नाही. त्यांनी रिपीटला मोबाइलवर व्हिडिओ काढला, तो थांबवून मोठा केला, आणि मग सगळ्यांना पाठवला. वेळ विकत घेतलेली असते, सेकंदाला किंमत असते, हे मला कळतं. तरीही दोनशे माणसांच्या कामाला वाचता येतील इतके सेकंद मिळाले पाहिजेत, हे माझं मत आहे आणि मी ते प्रत्येक बैठकीत मांडते.

भाच्याची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. तो ‘लिटल सिंघम’ बघत मोठा झालेला. एका रविवारी टीव्हीवर मूळ ‘सिंघम’ लागला होता. थोडा वेळ बघून तो म्हणाला, “मावशी, हा मोठा झाल्यावर असा होणार?” त्याच्या लेखी कार्टून आधीचं आणि सिनेमा नंतरचा. अजय देवगण म्हणजे त्याच्या ओळखीच्या पोराचं मोठेपण. मग त्यानं बारकाईनं तपासणी सुरू केली: याचा मित्र कुठे गेला, ते माकड कुठे गेलं, मिर्ची नगर का दिसत नाही? गाव नाही म्हणून तो खरोखर नाराज झाला. मूळ काय आणि शाखा काय याचे हिशेब करारातले असतात. पाच वर्षांच्या मुलाला जे आधी भेटलं ते मूळ, आणि आमच्या चित्रांतलं गाव त्याला आधी भेटलेलं असतं. एवढं कळल्यावर कुठलीही भिंत मी घाईनं रंगवू शकत नाही.

सध्या आमच्या मालिकेच्या पोटातून आणखी एक निघते आहे. खलनायकाचा हरकाम्या प्राणी मुलांना इतका आवडला की त्याला स्वतःचे भाग मिळाले. गाव तेच ठेवायचं ठरलंय, त्यामुळे बँकेतल्या जुन्या फाइली उघडल्या आहेत. लेयरना ज्या त्या मुलानं आपापल्या पद्धतीनं नावं दिलेली, त्यातली निम्मी मुलं आता हैदराबाद-बंगळूरला. वड कोणाच्या हातचा, पार कोणाच्या, ते मला ब्रशच्या फटकाऱ्यावरून ओळखू येतं. हा नवा नायक जेमतेम दीड डोक्याचा आहे. माझ्या पायऱ्या त्याच्या छातीशी येतात. पुढच्या आठवड्यापर्यंत अख्ख्या गावाची प्रत्येक पायरी निम्मी करायची आहे, आणि दोन नव्या मुलांना घेऊन मी चौकापासून सुरुवात केली आहे.